अर्धा ओढलेला चाप

१

ऑर्फा स्टिडमचा दिवस काचेच्या कपाटापासून सुरू होई. कॉफी नंतर. दुकान उघडायचं, शेगडीत दोन लाकडं सारायची, डोक्याला रुमाल गुंडाळायचा आणि एकेक पिस्तूल बाहेर काढायचं. उघडायचं. नळीत डोळा घालायचा, मग करंगळी घालायची. रिकामं. तेलाच्या फडक्यानं पुसायचं, परत ठेवायचं. कुलूप आदल्या संध्याकाळी तिनंच लावलेलं असे, किल्ली तिच्याच गळ्यात असे, तरी रोज सकाळी हे नव्यानं. ज्याच्या हातात, त्यानंच बघायचं. केंटकीच्या त्या डोंगरात हा नियम बायबलाच्या खालोखाल पाळला जाई, आणि ऑर्फाच्या दुकानात बायबलाच्याही वर.

नवरा गेल्यावर गावानं ठरवून टाकलं होतं, की बाई आता दुकान विकणार. बाईनं दारावरची पाटी उतरवली, डेल्मरचं नाव तसंच ठेवलं आणि त्याच्याखाली आपलं लिहिलं. त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात. गावाला काय ठरवायचं ते ठरवू द्यावं. गावाला दुसरं काम काय असतं?

त्या सकाळी ती मॅगर्डच्या पिस्तुलापाशी आली आणि तिचा हात थांबला.

खिशातलं पिस्तूल होतं ते. मूठ मिटली तर दिसणार नाही एवढं. निकलचा मुलामा मुठीशी झिजून पितळ डोकावत होतं. बाजूची कळ दाबली, की पाखरानं चोच उघडावी तशी नळी वर उचलली जाई. काडतूस बोटांनी आत ठेवायचं आणि नळी मिटायची. मोठ्या पिस्तुलासारखी वरची पोलादी पट्टी जोर लावून मागं खेचायला नको. म्हणून अशी पिस्तुलं बायकांच्या पर्शीत आणि म्हाताऱ्यांच्या कोटात सापडतात. मागच्या अंगाला इवलासा घोडा. चाप ओढू लागलं की घोडा हळूहळू उठतो, आणि चाप पुरा आला की सुटून पडतो.

घोडा बसलेला नव्हता. नखाच्या जाडीएवढा वर होता.

"होबार्ट, याला हात लावलास तू?"

होबार्ट तिचा दीर. खाणीचं काम सुटल्यापासून शेगडीजवळची खुर्ची त्याची झाली होती. "वहिनी, तुमच्या कपाटाला हात लावून मला दुपारच्या जेवणाला मुकायचंय का?"

"मग हा घोडा असा कसा?"

"कसा?"

तिनं पिस्तूल उचललं. घोडा आपला आपण खाली बसला. आवाज न करता. कुणीतरी सावकाश बोट काढून घ्यावं तसा.

२

पिस्तूल आदल्या दिवशी आलं होतं. लॉन्झो मॅगर्डनं ते लोकरी मोज्यात गुंडाळून आणलं होतं. लॉन्झोला सगळं खोरं ओळखत होतं. गोड गळा, स्वच्छ कॉलर, कुणाच्याही मयताला पहिला हजर. त्याची बायको नेवा वर्षापूर्वी तळघराच्या पायऱ्यांवरून पडून गेली, तेव्हा सगळ्या खोऱ्यानं त्याच्या ओट्यावर जेवणाची पातेली नेऊन ठेवली होती. ऑर्फानंही सफरचंदाचा थरांचा केक दिला होता. आता त्यानं दुसरं लग्न केलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असलेली ट्रेसा. त्याच्या निम्म्या वयाची.

"नेवाच्या आईचं आहे," तो म्हणाला होता. "ट्रेसा घरी एकटी असते, तिला होईल. पण चाप जड आहे, ऑर्फाबाई. जरा हलका करून द्या. नेवाला कधी पुरा ओढताच आला नाही. अर्ध्यात थांबायची."

"कधी उडवलंच नाही तिनं?"

"एकदाही नाही." आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. शोभली त्याला.

चाप जोखायची ऑर्फाची स्वतःची रीत होती. ती तिला कुणी शिकवली नव्हती; डेल्मर तर वजनाचा काटा लावायचा. ती नळीत खोटं काडतूस ठेवी, बूड रबराचं आणि अंग लाल रंगवलेलं, म्हणजे चुकूनही खऱ्यात मिसळायला नको. मग कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीवर नेम धरून डोळे मिटी. चापाचे तीन मुक्काम. आधी ढील: बोट मऊ मऊ मागं जातं, काही अडत नाही. मग भिंत: इथं चाप विचारतो, नक्की का? आणि मग सुटका. चांगल्या चापाची सुटका कळतसुद्धा नाही, काडी मोडावी तशी.

घोडा आपोआप बसला त्या सकाळीही तिनं डोळे मिटले, बोट ठेवलं.

ढील नव्हती. बोट टेकलं ते थेट भिंतीलाच. ढील आधीच कुणीतरी ओढून धरली होती.

तिनं बोट काढलं. चाप पुढं आला नाही. मग, दमानं, आला.

"होबार्ट, इकडं ये. बघ हे."

होबार्टनं कळ दाबली, नळी उघडून काडतूस बघितलं, मिटली, बादलीवर धरून ओढलं. टक्. "लोण्यात सुरी गेल्यासारखं आहे की वहिनी. जड कुठाय?"

"सुरुवातीला ढील लागली?"

"भरपूर. आमच्या डेल्मरदादाच्या विजारीएवढी."

तिनं मेजावर फडकं पसरलं आणि पिस्तूल सुटं केलं. स्प्रिंग ठीक. चापाची पट्टी सरळ. कुठं गंज नाही, कचरा नाही, वाकलेली पिन नाही. जोडलं. पुन्हा ओढून बघितलं. भिंत.

"सांधे धरलेत तुमचे," होबार्ट म्हणाला, आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "वय झालं वहिनी. बोटं खोटं बोलायला लागतात."

ते तिला लागलं. डोळे गेले असते तर तिनं चष्मा घेतला असता. बोटं गेली तर ऑर्फा स्टिडमजवळ राहिलं काय?

३

घोडा उचललेला दिसला त्या दिवशी दुकान बंद करताना तिनं होबार्टच्या विडीच्या कागदाचा एक तुकडा फाडला आणि घोड्याखाली चिमटीत धरवला. ओढून बघितला. निघत नव्हता. कपाटाला कुलूप घातलं.

सकाळी कागद निळ्या मखमलीवर पडलेला होता.

उंदीर म्हणावं तर काच बंद. हादरा म्हणावं, कोळशाची मालगाडी जाते तेव्हा सगळं खोरं थरथरतं, तर बाकीच्या पिस्तुलांच्या घोड्यांखालचे कागदही पडायला हवे होते. होय, तिनं बाकीच्यांखालीही लावले होते. तिला कुणी भोळसट समजू नये. ते सगळे जागच्या जागी होते.

मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. खोलीत अजून शेगडी पेटलेली नव्हती, श्वासाची वाफ दिसत होती, लोखंडाला हात लावला तर चटका बसावा इतकी थंडी. आणि त्या थंडगार चापावर, निकलवर, दमट ठसा. बोटाच्या पेराचा. काचेवर तोंडाची वाफ धरावी तसा. अरुंद, लहान. बघता बघता तो कडेनं आटत गेला, आणि उरलं नुसतं निकल.

तिनं आपलं बोट त्या जागेशेजारी धरून पाहिलं. तिचं दुप्पट रुंद होतं.

वाफ कुठूनही येते, तिनं स्वतःला सांगितलं. मग शेगडी पेटवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कॉफी आधी घेतली.

४

ट्रेसा आली ती दुपारी, शाळेतली ताटं उरकून. ॲप्रन अंगातच होता आणि त्याला मक्याच्या पावाचा वास येत होता. लोकरी बाह्या तळहातापर्यंत ओढलेल्या. डाव्या मनगटाला एक बाक होता, नीट न बसलेल्या हाडाचा.

"मावशी, मी आले होते हे त्यांना कळायला नको."

"मी लॉन्झोची बातमीदार नाही. बस. होबार्ट, ऊठ तिथून."

"मी उठलो तर ही खुर्ची रडेल, वहिनी."

"ऊठ."

ट्रेसा बसली नाही. "तुम्ही चाप हलका केलात का? नका करू. सांगा त्यांना, दुरुस्त होत नाही म्हणून."

"का?"

तिनं कपाटाकडं बघितलं. "मी घरी ते हातात घेतलं होतं. वाटलं... हसाल तुम्ही."

"मी वर्षातनं दोनदा हसते. दोन्ही होऊन गेलेत."

"वाटलं, कुणाचं तरी बोट आधीच तिथं आहे. माझं बोट त्याच्यावर पडतंय." तिनं बाही आणखी ओढली. "भीती नाही वाटली, मावशी. ते विचित्र आहे ना? त्या घरात मला सगळ्याची भीती वाटते. पायऱ्यांची वाटते. तळघरातला दिवा गेलाय, ते बदलत नाहीत. रोज म्हणतात, बरण्या घेऊन ये खालून. मी उतरले की वर दारात येऊन उभे राहतात. काही बोलत नाहीत. नुसते उभे. पण ते पिस्तूल हातात धरलं तेव्हा वाटलं, घरात मी एकटी नाही."

शेगडीत लाकूड फुटलं. होबार्टनं खुर्ची तिच्याकडं सरकवली.

ऑर्फाची बोटं खोटं बोलत नव्हती तर. तिला आधी हायसं वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

"मनगट कुणी मोडलं?"

"पडले."

"पायऱ्यांवरून?"

ट्रेसानं ते मनगट ॲप्रनखाली घेतलं.

"माहेरी कोण आहे तुझ्या?"

"कुणी नाही. म्हणूनच केलं ना त्यांनी मला."

ऑर्फानं कपाट उघडलं. पिस्तूल काढलं, नळी उघडून स्वतः बघितलं, तिला दाखवलं, खोटं काडतूस ठेवलं. "ये. बादलीकडं तोंड कर. बोट चापावर नाही, बाजूनं सरळ ठेव. मी म्हणेपर्यंत आत जायचं नाही." ती ट्रेसाच्या उजव्या खांद्यामागं जाऊन उभी राहिली. दर शनिवारी दुकानामागं ती बायकांना शिकवे तेव्हा इथंच उभी राही. "शिकवणाऱ्याची जागा ही. इथनं मला तुझं बोट दिसतं, घोडा दिसतो, कान दिसतो. तोंड दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही. नळीच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही. कुत्रंसुद्धा नाही. पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं हे आमच्याकडं."

"ठाऊक आहे, मावशी."

"आता ठेव बोट."

ट्रेसानं ठेवलं. घोडा नखाएवढा उठला आणि थांबला. ट्रेसानं बोट काढलं. घोडा तिथंच होता.

"बघितलंत?"

"बघितलं," ऑर्फा म्हणाली.

"ती कशी होती हो? नेवा?"

ऑर्फाला आठवायला वेळ लागला, आणि त्याचाही तिला राग आला. "बारीक. चर्चमध्ये मागं बसायची. बोटं फार लहान होती तिची. दुकानात हातमोजे पोरींच्या मापाचे घ्यायची."

५

शनिवारी लॉन्झो ट्रेसाला घेऊन आला. टोपी काढली, होबार्टच्या गुडघ्यांची चौकशी केली, शेगडीपाशी हात शेकले.

"झाला हलका?"

"हातात बसतंय का ते आधी बघू दे," ऑर्फा म्हणाली. तिनं ठरवलं होतं, सांगायचं की चापाच्या पट्टीला चीर आहे, दुरुस्त होत नाही. आणि ट्रेसाचं कसं, ते अजून ठरत नव्हतं. पिस्तूल राहील दुकानात. पोरगी तर त्याच घरी जाणार, त्याच पायऱ्या उतरणार. ऑर्फानं नळी उघडली, लाल काडतूस सगळ्यांना दिसेलसं ठेवलं, मिटली, ट्रेसाच्या हातात दिलं. ट्रेसा बादलीकडं वळली. बोट बाजूनं सरळ.

लॉन्झो काउंटरला रेलला होता, हसत. प्रेमळ हसू होतं. "नेवासारखं करू नकोस हं. डोळे मिटायची ती. दोन्ही. खालचा ओठ दातांत धरायची, हनुवटी लटलट हलायची, आणि घोडा एवढासा वर आला की संपलं. पुढं जायची हिंमतच नाही."

"शिकवत होतास तिला?" ऑर्फानं विचारलं.

"मग? आमच्या मागच्या अंगणात."

"कुठं उभा राहून?"

"कुठं म्हणजे? खांद्यामागं. सगळे उभे राहतात तिथंच."

होबार्टनं कॉफीचा पेला खाली ठेवला.

"खांद्यामागून हनुवटी दिसते होय रे, लॉन्झो?" ऑर्फा म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. उत्तर असणारच त्याच्याजवळ. असल्या माणसांजवळ असतंच. पण तेवढ्यात ट्रेसा अगदी हळू म्हणाली, "मी ओढत नाही, मावशी."

तिचं बोट बाजूनं सरळच होतं. तिला शिकवलं होतं तसं. आणि घोडा उठत होता. नखाएवढा उठला, थांबला. भिंत. मग ट्रेसाचा हात बादलीवरून सरकू लागला. मोडक्या मनगटानं नव्हे, उजव्या, धडक्या हातानं. पण ओढल्यासारखा नव्हे, आंधळ्याचा हात धरून रस्ता दाखवावा तसा, सावकाश, काउंटरकडं.

ऑर्फा खांद्यामागं उभी होती. शिकवणाऱ्याच्या जागी. नळी माणसाकडं वळली की हात खाली मारायचा, यात विचार करायचा नसतो. आयुष्यभर तिनं केला नव्हता. या वेळी तिचा हात उठला आणि अर्ध्यात थांबला. आत लाल काडतूस आहे, हे तिनं स्वतः बघितलं होतं. आणि तिला तिथनं आणखी एक दिसलं. ट्रेसाच्या सरळ बोटावर, वरच्या अंगाला, मांस दबून पांढरं पडलं होतं. दुसरं एक बोट, लहान, अरुंद, तिच्या बोटावरून वळून आत गेलं असावं तसं. दबलेली जागा दिसत होती. दाबणारं दिसत नव्हतं.

लॉन्झोनं दोन्ही हात तोंडासमोर धरले.

"नेवा," तो म्हणाला, "ठेव ते खाली."

घाबरून नाही म्हणाला. समजुतीनं, थोड्या कंटाळ्यानं म्हणाला. एकदा म्हणून झालेलं वाक्य माणूस दुसऱ्यांदा म्हणतो तसं. आणि ते स्वतःच्याच कानावर पडल्यावर त्याचा चेहरा पडला.

घोडा हलला. भिंतीपलीकडं, केसाकेसानं, मागं गेला. आणि पडला.

टक्.

दुकानात त्याहून मोठा आवाज ऑर्फानं कधी ऐकला नव्हता.

६

पहिला हलला तो होबार्ट. गुडघे कुरकुरत उठला आणि ट्रेसा आणि दार यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. खाणीतली चाळीस वर्षं अजून त्याच्या खांद्यांत होती.

"तू हो पुढं, लॉन्झो," तो म्हणाला. "पोरगी आमच्याकडं घेवड्याचं कालवण खाऊन येईल."

"कधी?"

"ते तिचं ती ठरवेल. आणि नेवाचं काय ठरवायचं ते शेरीफ ठरवेल. वहिनी, फोन कुठाय?"

लॉन्झो ट्रेसाकडं बघत होता. चल, असं त्याचं बघणं होतं. ट्रेसानं बाह्या वर सारल्या. दोन्ही. मनगटं उघडी पडली, निळी, पिवळी, जुनी आणि नवी. तिनं ती काउंटरवर ठेवली, वाण्याकडं सामान ठेवावं तशी, आणि ती म्हणाली, "मी येत नाही."

तो गेला. टोपी काउंटरवरच राहिली.

ऑर्फानं कळ दाबली. नळी उघडली. लाल काडतूस, रबराच्या बुडावर मधोमध खोल ठसा. तिनं ते पुसून पुन्हा आत ठेवलं, मिटलं, बादलीकडं धरलं आणि डोळे मिटले. बोट टेकलं.

ढील होती. लांब, मऊ, रिकामी. बोट मागं गेलं, गेलं, आणि मग कुठं भिंत लागली. सुटका कळलीसुद्धा नाही.

"बघ," तिनं पिस्तूल ट्रेसाला दिलं.

ट्रेसानं नळी उघडली, स्वतः बघितलं, मिटली, ओढलं. तिचे डोळे भरून आले. "मोकळं आहे, मावशी. कुणी नाही आता." आणि मग, "गेली कुठं?"

तेव्हा ऑर्फाच्या ध्यानात आलं, की लॉन्झोच्या ट्रकचा आवाज अजून आला नव्हता.

ती खिडकीशी गेली. ट्रक समोरच उभा होता, भर दुपारच्या उन्हात, दारं बंद. लॉन्झो चाकामागं बसला होता, पाठ दाराला चिकटवून, शेजारच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून. दोन्ही हात तोंडासमोर धरलेले. ओठ हलत होते. तेच तेच हलत होते. आणि पलीकडच्या काचेवर, आतून, तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक लहान गोल येत होता आणि जात होता, येत होता आणि जात होता.

"काय दिसतंय?" ट्रेसा तिच्याशेजारी येऊ लागली.

ऑर्फानं पडदा ओढला आणि तिला खांद्याला धरून मागं घेतलं, शेगडीकडं.

"पुढं नको," ती म्हणाली. "समोर कुणी उभं राहायचं नसतं."